अल्पमोली संगणकाचा खरेदीविधी: कलकत्तानिवासी महाराष्ट्रीय गृहस्थांसाठी

ज्या गृहस्थाला विजेचे बिल भरणे, रेल्वेचे आरक्षण करणे, बँकेतील नोंदींची रुजवात घेणे, महिन्याकाठी दोन-चार पत्रे लिहिणे आणि रविवारी सकाळी पुण्यात अथवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या नातवंडांचे मुखावलोकन करणे यांपलीकडे संगणकाशी काही कर्तव्य नाही, आणि जो या कामी पंचवीस ते चाळीस हजार रुपयांहून अधिक रक्कम खर्ची घालण्यास राजी नाही, अशाच गृहस्थासाठी प्रस्तुत विधी सिद्ध केला आहे. ज्यांना चित्रपट जुळवायचे आहेत, इमारतींचे आराखडे काढायचे आहेत किंवा रात्र-रात्र जागून पडद्यावरील शत्रूंचा निःपात करायचा आहे, त्यांनीही तो वाचावयास हरकत नाही. मात्र त्यायोगे होणाऱ्या मनस्तापाबद्दल कोणतीही दरखास्त विचारात घेतली जाणार नाही.

स्वस्त संगणक पारखून घेण्याची परंपरा या शहरात आजकालची नव्हे. बॅरकपूर ट्रंक रोडवर बरानगरला भारतीय सांख्यिकी संस्था आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ मध्ये स्थापन केली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे गणित मांडले जात होते त्या दिवसांत या संस्थेने, लंडनच्या अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावरून ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने बांधलेले एचईसी-टूएम नामक यंत्र सुमारे दोन लाख रुपयांना विकत घेतले. ते १९५५ मध्ये येथे उतरले, १९५६ मध्ये चालू झाले, आणि भारतातील पहिला अंकीय संगणक म्हणून त्याची नोंद झाली. लांबी दहा फूट, रुंदी सात फूट, उंची सहा फूट. स्मृती एका फिरत्या ढोलावर, तीही १०२४ शब्दांपुरती. आणि हुकूम द्यायचा तो छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवाटे. सुवाह्यतेच्या बाबतीत हे यंत्र उणे होते हे मान्य करावेच लागेल. परंतु त्या खरेदीतील दोन गोष्टी आजच्या ग्राहकाने ध्यानी घ्याव्यात अशा आहेत. आपल्याला काय मोजावयाचे आहे हे संस्थेला यंत्र घेण्यापूर्वीच ठाऊक होते. आणि मोही मुखर्जी व अमरेश रॉय हे दोघे इंग्लंडात राहून ते यंत्र शिकून आले होते. आजचा गृहस्थ आधी यंत्र घरी आणतो, ते कशासाठी आणले याचा तपास मागाहून लावतो, आणि शिकण्याचे काम नववीतल्या नातवाकडे सोपवून स्वतः वर्तमानपत्र उघडतो.

म्हणून विधीचे प्रथम अंग म्हणजे यादी. एक कोरा कागद घ्यावा आणि आठ दिवस, मृत्युपत्राला शोभेल इतक्या गांभीर्याने, आपण संगणकावर (स्वतःचा नसल्यास मुलाच्या, तोही नसल्यास मोबाइलवर) प्रत्यक्षात काय केले एवढेच लिहावे. काय करण्याची इच्छा आहे ते लिहू नये. ही अट वरवर किरकोळ दिसते, पण सर्व अपव्ययाचे मूळ तिच्या उल्लंघनात आहे; कारण मनुष्य संगणक घेतो तो आज जो आहे त्याच्यासाठी क्वचितच घेतो. तो घेतो ते आत्मचरित्र लिहिणाऱ्या, शेअर बाजाराच्या आलेखांचा अभ्यास करणाऱ्या, घराण्याची वंशावळ सातव्या पिढीपर्यंत जुळविणाऱ्या आणि पहाटे पाचला उठून संस्कृत शिकणाऱ्या एका भावी सद्गृहस्थासाठी. त्या सद्गृहस्थाच्या गरजा दांडग्या असतात, त्याला सोळा जीबी स्मृती लागते, त्याचा पडदा दोन हातांवरूनही झळकावा लागतो. आणि तो येईपर्यंत त्याच्या यंत्रावर आपण विजेचे बिल भरत राहतो. यादीत पाच कलमे आली तर पाचच राहू द्यावीत. सहावे केवळ कागद रिकामा दिसतो म्हणून घालू नये.

दुसरे अंग म्हणजे सल्लागारांचा बंदोबस्त. हे मनुष्यविशेष दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे हिंजवडीला नोकरीस असलेला भाचा. त्याला फोन करताच तो म्हणतो, "मामा, सोळा जीबी रॅमच्या खाली बघूसुद्धा नका."

"अरे, मी महिन्याला चार पत्रं लिहितो."

"पत्रं हलकीच असतात हो मामा, ती दाखवणारी पानं हल्ली जड झालीत!"

भाच्याचे हे म्हणणे, भाच्यांच्या एकंदर म्हणण्यांच्या मानाने, बरेचसे खरे आहे. विंडोज ११ ला किमान चार जीबी स्मृती पुरते असा निर्मात्यांचा दाखला असला, तरी तेवढ्यावर ती केवळ जागी होते, उठून काम करीत नाही. आठ जीबी हा आपल्या गृहस्थाचा न्याय्य वाटा समजावा, आणि पुढेमागे आणखी स्मृती बसविण्यास आत रिकामी खाच आहे की सर्व काही कायमचे डाख दिलेले आहे, याची दुकानदाराकडून खातरजमा करून घ्यावी. सोळाचा हट्ट भाच्याच्या स्वतःच्या यंत्रासाठी राखून ठेवावा.

दुसरा सल्लागार शेजारचे बाबू. ते आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले असले तर विशेषच काळजी घ्यावी. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात महामंडळाचा संगणक येथील इलाको हाउसमध्ये येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दिवसरात्र पहारा दिला होता, आणि त्या पहाऱ्याची हकीकत संध्याकाळच्या अड्ड्यावर एकदा सुरू झाली की दुसऱ्या चहापर्यंत रॅमचा विषय निघू शकत नाही. यंत्राने माणसाचे अन्न तोडले, हा त्यांचा सिद्धान्त ऐकून घ्यावा. तो अगदीच टाकाऊ नाही. तथापि त्याच बाबूंच्या बैठकीत गतवर्षीचे सर्वांत महागडे यंत्र लेसचा रुमाल पांघरून विराजमान आहे, हेही नजरेआड करू नये.

आता मुहूर्त. कलकत्त्यात राहणाऱ्या महाराष्ट्रीयाची या बाबतीत जी कुचंबणा होते, तिची कल्पना पुण्या-मुंबईकडील वाचकांस येणे कठीण. येथे वर्षातील सगळी मोठी सवलत दुर्गापूजेच्या आधी निघते, सारे शहर खरेदीसाठी रस्त्यावर उतरते, बोनस हाती येतो, दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात. आणि नेमका हाच पंधरवडा आपला पितृपक्ष असतो, ज्यात घरात नवी वस्तू आणण्याचे नाव काढताच "अहो, आता सर्वपित्री होऊ द्या," असा स्वयंपाकघरातून मनाई हुकूम निघतो. महालयाची पहाट उजाडते तेव्हा बंगाली शेजारी नव्या वस्त्रांच्या घड्या मोजीत असतो आणि आपण तर्पणाचे तीळ शोधीत असतो. बरे, दसऱ्याला साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधावा म्हणून बाहेर पडावे, तर त्या दिवशी शहर विसर्जनाच्या गडबडीत, दुकानांची दारे ओढलेली, आणि दुकानदार स्वतः गंगेच्या घाटावर. या पेचातून निघण्याचा एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे तो असा: बंगाली पंचांगाचा चैत्र मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो, तो संपताच पहिल्या वैशाखाला व्यापारी नवी खातेवही उघडतात, म्हणून त्याआधी जुना माल काढून टाकण्याची त्यांना निकड असते, आणि आपला गुढीपाडवा बहुधा याच महिनाभरात कोठेतरी येतो. चैत्रातील ही सूट मुख्यत्वे साड्यांची आणि चादरींची असते व संगणकाच्या दुकानदाराला तिच्याशी बांधून घेण्याचे काही कारण नसते, हा आक्षेप बरोबर आहे; पण तो आपण त्याच्यासमोर उपस्थित करू नये.

प्रस्थान हाज्रा रोडवरून ठेवावे. तेथील महाराष्ट्र निवासात दोन घटका बसून कोणी अलीकडे यंत्र घेतले आहे का याची विचारपूस करावी, आणि नंतर जतीन दास पार्क स्थानकात भुयारी रेल्वे पकडून सहाव्या स्थानकावर, चाँदनी चौकास, उतरावे. वर आल्यावर गणेशचंद्र अॅव्हेन्यू, मदन स्ट्रीट आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या यांत पंखे, तारा, दिवे, चार्जर, बॅटऱ्या आणि त्या सर्वांची नक्कल विकणारी जी अफाट वसाहत दिसते, ती चाँदनी. चित्तरंजन अॅव्हेन्यूवरील ई-मॉलमध्ये वातानुकूलित हवा आणि कंपन्यांचे अधिकृत गाळे मिळतात. बाहेर गल्लीत घाम आणि विनिमयाचे स्वातंत्र्य मिळते. क्रम असा ठेवावा की आधी आत जाऊन भाव आणि नमुन्यांचे क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत, मग बाहेर यावे. दुपारची वेळ झाली असल्यास जवळच साबिरच्या हॉटेलात रेझाला घ्यावा. उपाशीपोटी आलेला ग्राहक पहिल्या दुकानातच शरण जातो.

दुकानात शिरल्यावर सर्वप्रथम एक शब्द कानी पडेल: "आय-फाइव्ह आछे, दादा!" या घोषणेने दिपून जाऊ नये. आय-थ्री, आय-फाइव्ह ही घराणी आहेत. पिढी कोणती हे विचारल्यावाचून घराण्यास अर्थ नाही. क्रमांकात डॅशनंतर येणारा पहिला आकडा, अथवा पहिले दोन, पिढी सांगतात: आय५-६३०० म्हणजे सहावी, आय५-८३५० म्हणजे आठवी, आय३-१२१५ म्हणजे बारावी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतील यंत्रांस रीतसर स्वीकारीत नाही, आणि विंडोज १० ची नियमित देखभाल निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. तेव्हा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह हा कितीही खानदानी असला तरी त्याची सनद जप्त झालेली आहे, आणि बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री त्याला कामात मागे टाकतो. एन१०० अशा नावाचा एक गरीब, मितभाषी प्रोसेसर २०२३ पासून स्वस्त यंत्रांत येऊ लागला आहे. आपल्या पाच कलमांना तो पुरा पडतो, मात्र त्याच्याशी एकाच वेळी वीस पाने उघडून बोलू नये.

साठवणीची चौकशी त्याहून बारकाईने करावी. ६४ जीबी ईएमएमसी असे लिहिलेले यंत्र भावात फार लोभस दिसते. ही साठवण मंद असते, मुख्य फळीवर कायमची बसविलेली असते, आणि विंडोजची अद्यतने येता-येता ती स्वतःच्याच भाराने भरून जाते. एसएसडी असावी, निदान २५६ जीबीची. घरी आल्यावर यंत्र ती २३८ दाखवील. यात अठरा जीबी कोणी लाटले नाहीत, निर्माता हजाराच्या हिशोबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढेच, म्हणून पोलिसांत वर्दी देण्याचे कारण नाही. पडदा १९२० गुणिले १०८० चा असावा. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर अक्षरे दिसतात, पण चष्म्याचा नंबर काढण्याची वेळ जवळ आणतात. क्रोमबुक दाखविले तर त्याची अद्यतने कोणत्या सालापर्यंत मिळणार ते पाहावे, कारण ती तारीख कारखान्यातच ठरलेली असते.

कळफलकाची परीक्षा मात्र महाराष्ट्रीयाने स्वतःच्या हाताने करावी. मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी चालू करवून शिफ्टसह एन दाबावे आणि पडद्यावर ठसठशीत ळ उमटतो की नाही पाहावे. मग काळवेळ, तळमळ, बाळाजी असे दहा-बारा शब्द भराभर लिहावेत, म्हणजे कोणती कळ अडते, कोणती दोनदा उठते, हेही कळून येते. या परीक्षेच्या वेळी दुकानातील दोन-तीन मुले भोवती जमतात आणि हे कोणते अक्षर म्हणून कुतूहल करतात. त्यांना समजावून सांगण्यात वेळ दवडावा, कारण ग्राहक रमला आहे असे पाहून मालक चहा मागवितो, आणि मातीच्या भांड्यातील तो चहा हाती आल्याखेरीज भावाला हात घालणे येथे अशिष्ट समजले जाते.

पण या विधीचे खरे मर्म वापरलेल्या यंत्रांच्या प्रकरणात आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा कल उघडपणे त्याच बाजूला आहे. मोठ्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांची नोकरी करून सुटलेली लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक अशा नावांची यंत्रे चाँदनीत थप्पीने येतात. निवृत्त हेडक्लार्काप्रमाणे त्यांचा वर्ण उतरलेला असतो, कोपरे झिजलेले असतात, पण हाडे मजबूत असतात आणि कळफलकावर बोटांना आदर वाटतो. नव्या स्वस्त यंत्राचे बिजागर जेथे दुसऱ्या वर्षी कुरकुरू लागते, तेथे ही पाचव्या वर्षी निमूट उघडतात, आणि त्यांचे सुटे भागही याच गल्ल्यांत मिळतात. किंमत बहुधा नव्याच्या निम्म्याच्या आसपास. मात्र पंचनामा कडक हवा. पिढी आठवी किंवा पुढची आहे ना, हे कवचावरच्या चिकटपट्टीवरून न ठरविता चालू यंत्राच्या माहितीपत्रकात वाचावे, कारण चिकटपट्ट्या वेगळ्या विकत मिळतात. बॅटरीचा अहवाल यंत्राकडूनच मागवावा. कारखान्यातून निघताना तिची क्षमता किती होती आणि आज पूर्ण भरल्यावर किती उरते, हे दोन्ही आकडे त्यात असतात, आणि दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत तेथल्या तेथे वजा करवून घ्यावी. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मुळाच्या मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, शिरून पाहावे: तेथे पूर्वीच्या कचेरीचा परवलीचा शब्द मागितला गेला, तर त्या यंत्राची फारकत अजून झालेली नाही असे समजून नमस्कार करावा व उठावे. "ऑफिस फ्री टाकून देतो दादा," या औदार्याचाही सविनय अस्वीकार करावा. चोरीच्या मालाबरोबर आगंतुक येतात, आणि चार पत्रांसाठी लिब्रेऑफिस फुकट व कायदेशीर मिळते.

घासाघिशीच्या प्रकरणी महाराष्ट्रीयाने आपला इतिहास आठवावा, पण बोलून दाखवू नये. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वखर्चाने सात मैलांचा खंदक खणावयास घेतला; सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, हे घोडेस्वार, म्हणजे बंगाल्यांचे बर्गी, येथवर आलेच नाहीत, आणि काम अर्धवट राहिले. पुढे तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. खंदकाबाहेरच्या मुलखाची जी राखरांगोळी झाली तिच्या आठवणीच्या अंगाईने येथल्या आया आजही लेकरांना निजवितात, आणि ते गाणे ऐकताना मराठी माणसाने खाली पाहावे हेच बरे. आपल्या विषयापुरते एवढेच सांगायचे की १७४४ मध्ये रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्या निमंत्रणावरून मनकऱ्याच्या छावणीत तडजोडीच्या बोलण्यासाठी गेले ते परत आले नाहीत, आणि १७५१ मध्ये, नऊ वर्षांच्या ओढाताणीनंतर, सालिना बारा लाखांची चौथाई ठरली. तात्पर्य, बोलणी करावयाची ती दुकानाच्या काउंटरवर, लोकांदेखत. "आतल्या गोदामात या दादा, तिथे स्पेशल पीस आहे," या निमंत्रणास मान देऊ नये.

"कोतो देबेन?" असे मालकाने विचारल्यावर आपला आकडा लगेच सांगू नये, कागद काढून ई-मॉलमधला भाव शांतपणे वाचावा. मग मालक भाव उतरविण्याऐवजी देणग्या वाढवू लागतो: पाठीवरची पिशवी, माउस, पडदा पुसण्याचे फडके. सुशिक्षित माणसे येथेच पडतात. पिशवी फुकट मिळते या आनंदात मूळ भावातील हजार रुपये विस्मृतीत जातात, आणि घरी अशा तीन पिशव्या आधीच असतात. देणगी नाकारून तिची किंमत रोकडीने मागावी. शेवटी सुटण्याचा म्हणून एक प्रस्ताव येतो: बिल न घेतल्यास अठरा टक्के कर वाचेल. येथे नागरिक म्हणून आपली कसोटी लागते, असे म्हणता येईल. पण खरे कारण त्याहून व्यावहारिक आहे, की पक्क्या पावतीशिवाय हमी नाही. पावतीवरचा, खोक्यावरचा आणि यंत्राच्या बुडावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हे तिन्ही मोठ्याने वाचून जुळवावेत. वाचताना दुकानातील गप्पा थोड्या थंडावतात, त्याची पर्वा करू नये.

घरी आल्यावर देशकालानुसार पथ्ये थोडीच आहेत. येथील श्रावण-भाद्रपदाची हवा पुस्तकांवर बुरशी चढविते, तेव्हा यंत्र कपाटात जपून ठेवण्यापेक्षा रोज चालवावे. चालू यंत्राची ऊब हाच त्याचा ओलीवरचा उपाय. कालबैशाखीच्या वादळाचे ढग उत्तर-पश्चिमेला काळे होऊ लागले की प्लग काढावा. गादीवर ठेवून चालवू नये, खालची हवेची भोके बुजतात. आणि पहिल्या संध्याकाळी नातवंडांशी बोलताना छताचा पंखा बंद करावा, नाहीतर पलीकडच्यांना वाटते की आजोबा विमानतळावरून बोलत आहेत.

राहिला खोका. हमीच्या काळात तो आतल्या थर्माकोलसह जपून ठेवावा, कारण यंत्र परत पाठविण्याची वेळ आली तर दुरुस्तीकेंद्रापर्यंतच्या प्रवासाला त्याच्याइतके मापाचे आवरण दुसरे मिळत नाही. हमी एका वर्षात संपते. खोका माळ्यावर त्यापुढेही राहील, आणि गणपतीच्या मखराचे दिवे कोठे ठेवायचे या प्रश्नाचा निकाल त्याच्या आधारे गृहिणीने आधीच लावलेला असेल, तेव्हा त्याबाबत वेगळा अर्ज करण्याचे प्रयोजन नाही.